तिसरी काच

५ ऑक्टोबर

लेन्सला बुरशी लागलीय. दुसरं काही असूच शकत नाही. नदीची दमट हवा हिवाळाभर घरात तळ ठोकून बसते, भिंतींना लागते, पावाला लागते, ती लेन्सलाच कशी सोडील?

आज चौकातल्या औषधाच्या दुकानासमोर उभा होतो. आत पांढऱ्या कोटातली मुलगी बाटल्या पुसत होती आणि काचेत बाहेरची झाडं तिच्या अंगावर पडली होती. झाडाच्या फांदीवर बसून बाटल्या पुसतेय असं वाटावं! असं दृश्य रोज मिळत नाही. कॅमेरा डोळ्याला लावला तर बरोबर तिच्या तोंडावर डाग. धुरकट, ओल्या बोटाने कुणी फासल्यासारखा. लेन्स पुसली. पुन्हा तेच. मग रुमाल घेऊन दुकानाचीच काच पुसायला लागलो, तशी ती बाहेर आली.

"आजोबा, काम हवंय का? मालकांना विचारते."

"काम नको पोरी, तुझी झाडं साफ करतोय."

ती हसत आत गेली आणि पुन्हा बाटल्या पुसायला लागली. मी मुकाट फोटो काढला आणि निघालो.

८ ऑक्टोबर

विल्सनच्या तळघरात गेलो. माझे सगळे रोल इतकी वर्षं तोच धुतो. बापाची प्रयोगशाळा चालवतो, आणि जीभही बापाचीच घेतलीय.

"डॉन आमिल्कार, बुरशी कुठाय? हा बघा मुलीचा चेहरा. पापण्या मोजून घ्या."

छापील फोटो हातात घेतला. झाडं सुरेख, बाटल्या सुरेख, चेहऱ्यावर डाग. म्हणजे कागदावरही तोच. म्हटलं, "तुझी रसायनं शिळी झालीत."

"रसायनं कालची आहेत. शिळे तुम्ही झालात."

हसलो. पण मनात आलं, आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय असा कारभार चाललाय याचा. लक्ष नाही कामात.

१४ ऑक्टोबर

पाऊस. बायकोने, सेल्वाने, पिठाच्या पोळ्या तळल्या, पाऊस पडला की तळायच्याच. मी खिडकीशी बसून भोपळ्यातला माते, आमचा कडू हिरवा चहा, नळीने चोखत राहिलो आणि जुने दिवस आठवत राहिलो.

मी बसचा कंडक्टर. शाळा अर्ध्यावर सुटलेली, फोटोग्राफी कुणी शिकवली नाही. शिकवली ती बसच्या खिडकीने. हिवाळ्यात संध्याकाळी लवकर दिवे लागायचे आणि काचेत आतली माणसं बाहेरच्या शहरावर उमटायची. एकदा एक बाई मांडीवर पाव घेऊन बसली होती आणि बस नदीकाठाने चालली होती. काचेत ती बाई पाण्यावर बसलेली! लाटा तिच्या पावातून जात होत्या. तिला पत्ताच नाही. तिकीट फाडायचं विसरून बघत उभा राहिलो. पुढच्या पगारात जुना कॅमेरा घेतला.

तेव्हापासून मी सरळ जगाचा फोटो काढलेला नाही. काचेतलं आणि काचेमागचं, दोन्ही एकदम हवं. त्याची युक्ती एकच: काळा कोट. काळ्या कोटात काचेसमोर उभं राहिलं की आपली सावली पडते तिथे बाहेरचं पुसलं जातं आणि आतलं दिसतं. माणसाने स्वतःला विहिरीसारखं काळं करायचं, मग तिच्यात दुसऱ्याचं घर दिसतं. उन्हाळ्यातही मी तो कोट घालतो. सेल्वा म्हणते, "आमच्या घरी मयताची वाट बघायला नको, तो रोज कामाला जातो."

साऱ्या मोंतेव्हिदेओचे फोटो काढले, बायकोचा मात्र एक नाही. काढूच देत नाही. म्हणते, "फोटो लांब गेलेल्यांचे असतात. मी काय, इथे कांदे चिरतेय."

२२ ऑक्टोबर

सारांदी रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानाने नवी काच बसवली. भिकार माल. तिच्यात समोरचा दिव्याचा खांब मधोमध वाकलेला दिसतो, ओढ्यात काठी घातल्यासारखा. घरी येऊन सेल्वाला सांगितलं. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"ती चौकट कशी दिसते?"

"तीही वाकलीय. दमट हवा, दुसरं काय."

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. पण ठसक्यात म्हणाली नाही. नेहमी ठसक्यात म्हणते.

२९ ऑक्टोबर

महिन्याची एकोणतीस, म्हणून रिवाजाप्रमाणे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. महिनाभर पैसा टिकावा म्हणून बशीखाली नाणं ठेवायचं, तेही राहिलं नाही. मातेत गरम पाणी ओतताना ते भोपळ्याबाहेर, हातावर गेलं. सेल्वाने फुंकर घातली आणि ओरडली नाही. ओरडायला हवी होती.

३ नोव्हेंबर

आज देव पावला!

बंद पडलेल्या बँकेच्या काचेत एक बाई. निळा झगा, निळी टोपी, टोपीला कडा. आत तर धूळ आणि मोडकी खुर्ची, म्हणजे ही माझ्या पाठीमागच्या फूटपाथवरून काचेत पडलेली. वळून पाहिलं तर फूटपाथ रिकामा. कोन चुकत असेल, वरच्या सज्जातून पडली असेल. काचेचं असंच असतं, पाहुणा कोणत्या दाराने आला ते सांगत नाही. गंमत म्हणजे तिच्यावर तो मेला डाग नाही. काठापासून काठापर्यंत स्वच्छ, टोपीचा टाकासुद्धा दिसतो. आणि काय स्थिर! पापणी लवत नाही. भराभर फोटो काढले. इतक्या वर्षांत असं माणूस काचेत मिळालं नव्हतं.

७ नोव्हेंबर

विल्सन विचारतो, "कुठली बाई?"

"निळी. टोपीवाली. मोडक्या खुर्चीच्या वर."

"खुर्ची आहे. खाली एक मांजर आहे, ते तुम्हाला दिसलंसुद्धा नसेल. बाई नाही."

बटण दाबायच्या क्षणाला ती सरकली असणार. प्रतिबिंब आहे, कुणाचं बांधील थोडंच असतं? पण सगळ्याच फोटोंत सरकली? विल्सन मला जिन्यावरून वर रस्त्यापर्यंत पोचवायला आला. याआधी कधी आला नव्हता. म्हणाला, "एकदा डोळे दाखवून या." मी म्हटलं, "तू तुझ्या बादल्या सांभाळ."

त्याने सेल्वाला फोन केला असणार. रात्री जेवताना तिने सांगून टाकलं की वेळ घेतलीय.

१८ नोव्हेंबर

डावा डोळा लहानपणी गोवराने नेला. माझा सगळा संसार उजव्यावर. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी औषध घातलं, दिव्याचा प्रकाश पाडला, बराच वेळ आत बघितलं. मग चौकटी छापलेला कागद दिला. "रेषा सरळ दिसतात का?"

"चांगल्या छापखान्यातून छापून आणा. मधल्या रेषा बुडाल्यात."

हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉन आमिल्कार, डोळ्याच्या मागे पडदा असतो. तुमच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडा राहतील. चालाल, फिराल. पण ज्याच्याकडे सरळ बघाल, नेमकं तेच दिसणार नाही."

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"याला नाही. आणि डाग आणखी पसरेल. लवकर पसरेल."

सेल्वाने एकच विचारलं, "चेहरे?"

"चेहरे आधी जातात."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "कधी नसलेलं काही दिसतं का? काहींना दिसतं. फुलं, जाळ्या, टोप्या घातलेली माणसं. वेड नाही ते, लाजू नका. उपाशी डोळा स्वतःच काहीतरी शिजवून खातो."

मी नाही म्हटलं. खोटं बोललो नाही. मला जे दिसतं ते काचेत दिसतं. काचेत दिसणं वेगळं, हे डॉक्टरांना कसं कळावं? जन्मभर त्यात काढलेल्या माणसालाच कळतं.

परत येताना बसमध्ये सेल्वा खिडकीकडे बसली. तिच्या तोंडाच्या जागी धूर. कान मात्र दिसत होता, कानातलं दिसत होतं. त्या कानाकडे बघत घरी आलो.

१९ नोव्हेंबर

सकाळी सेल्वा कांदा चिरताना म्हणाली, "माझा फोटो काढ."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"काढ म्हटलं ना. इतकी वर्षं भुणभुण करत होतास. पण तुझ्या पद्धतीने. काचेत."

"का गं एकदम?"

"हौस आली." आणि कांद्याने पाणावलेले डोळे पुसत राहिली.

बायकांचं मन! जन्मभर ज्याला नाही म्हटलं त्याला एका सकाळी हो.

२ डिसेंबर

ठरलं. निकानोरच्या 'आंकला' कॅफेत, वर्षाच्या शेवटच्या दिवशी. त्या दुपारी जुन्या शहरातल्या साऱ्या कचेऱ्यांमधून कारकून सरत्या वर्षाची कॅलेंडरं फाडून खिडक्यांतून खाली उडवतात. रस्ता पांढरा होतो. सेल्वा काचेमागे बसेल आणि तिच्यावर काचेतून ते सारं वर्ष पडत राहील. ती आत शांत, बाहेर दिवसांचा पाऊस, आणि दोन्ही एकाच फोटोत. याहून मोठा फोटो माझ्या हातून व्हायचा नाही. पुढच्या वर्षी तर मुळीच नाही.

तीही संधी एकदाच. निकानोर त्याच दिवशी कॅफे बंद करतोय, कायमचा. "गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही दोघं आणि माश्या," तो म्हणाला. "त्यांतल्या माश्याच काहीतरी खातात."

सेल्वा म्हणाली, "फोटोसाठी मी पोसितोसच्या श्रीमंत वस्तीतल्या बड्या बायकांसारखी टोपी घालून येईन बघ." आम्ही खूप हसलो. हसताना तिचे दात कसे दिसतात ते आठवून बघितलं. आठवले. अजून आठवतात.

११ डिसेंबर

कडेने बघायला शिकतोय, कोंबडीसारखी मान वाकडी करून. वस्तूच्या बाजूला नजर ठेवायची, मग वस्तू डोकावते. पण कॅमेऱ्याच्या भोकात बाजू कुठून आणणार? तिथे नेम मधोमध धरायचा असतो. तासभर किटलीवर नेम धरला. सेल्वा म्हणाली, "किटली लाजली."

निळी बाई आज पुन्हा दिसली, पावाच्या दुकानाच्या काचेत. तिच्यासोबत छोटी छोटी माणसंही होती, रांगेत, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. चर्चमध्ये लग्न असावं.

२० डिसेंबर

डाग मोठा झालाय. ताटातली भाजी चमच्याने शोधावी लागते. कुणाला सांगितलं नाही. सेल्वाने बशी बदलली, पांढरी काढून गडद दिली. म्हणाली पांढरी फुटली.

३० डिसेंबर

तयारी झाली. कॅफेच्या पुढच्या भिंतीला तीन मोठ्या काचा, प्रत्येकीमागे एक टेबल; तिसरीमागचं कोपऱ्यात. सेल्वा दुसऱ्या काचेमागे बसेल. मी पलीकडच्या फूटपाथवर नेमका कुठे उभा राहीन तिथे निकानोरने खडूने फुली मारली. अंतर त्यानेच लेन्सवर लावून दिलं, वर चिकटपट्टी मारली. मला फक्त फुलीवर उभं राहायचं आणि समोर बघायचं. एवढं तर आंधळाही करील.

३१ डिसेंबर

मिळाला! फोटो मिळाला.

ओळी तिरक्या जाताहेत, जाऊ देत. सगळं लिहितो.

आम्ही वेळेत गेलो. घरून निघताना सेल्वाने कसलीशी पिशवी घेतली होती, काय ते सांगेना. ती कॅफेत शिरली आणि मी रस्ता ओलांडून माझ्या जागेवर गेलो. तोवर कागद सुरू झाले होते. वरच्या मजल्यांवरून कारकून ओरडत होते, मुठी भरभरून सोमवार-मंगळवार उधळत होते. फूटपाथवर घोटाभर महिने. खडूची फुली कागदांखाली गडप झाली. पायाने उकरून बघितलं, वाकून बघितलं, खाली सगळीकडे पांढरंच.

मग वर बघितलं आणि हसूच आलं. फुली हवी कशाला? सेल्वा समोर दिसतच होती! काचेमागे ताठ बसलेली, निळा झगा, डोक्यावर निळी टोपी. लबाड, टोपी खरंच आणली! पिशवीत तेच होतं तर. मी तिच्या समोर येईपर्यंत सरकलो. आणि खरं सांगतो, आज तो डाग मधे आलाच नाही. कितीतरी आठवड्यांनी मला चेहरा दिसला. अगदी तिचाच होता असं म्हणत नाही, तरुण दिसत होती, पण काच आणि टोपी माणसाला बदलतात. तिच्यावरून कागद पडत होते, तिच्या खांद्यातून, टोपीतून. माझ्या काळ्या सावलीत ती बसली होती आणि भोवती सारं वर्ष गळत होतं. जन्मभर जे काचेत शोधलं ते समोर होतं. रोल संपेपर्यंत काढत राहिलो.

शेजारच्या काचेवर आतून कुणीतरी टकटक करत होतं. सणाच्या दिवशी प्यालेल्यांना काय सांगणार? मी हात उंचावून 'थांबा जरा' अशी खूण केली. तरी टकटक. मी पुन्हा खूण केली, जरा रागानेच. मग टकटक थांबली.

रोल संपल्यावर सेल्वा बाहेर आली.

"मिळाला?" तिने विचारलं.

"मिळाला! काय बसली होतीस गं! हलली नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस."

"हो?"

"आणि ती टोपी! निळा रंग तुला शोभतो. कुठून आणलीस?"

वरून कागद पडतच होते. मग म्हणाली, "जुनीच आहे."

दंड धरून तिने मला घरी आणलं. हाताला तिची तीच रोजची विणलेली बाही लागली. म्हणजे उठल्याबरोबर कपडे बदलूनही आली. नटण्याची सवय नाही बिचारीला. वाटेत तिने एकदा थांबून माझ्या कोटावरचे कागद झटकले आणि झटकून झाल्यावरही हात तसाच ठेवला.

७ जानेवारी

विल्सनकडे दोघं गेलो. ओला फोटो त्याने दोरीवरून काढला.

"कागद जबरदस्त आलेत, डॉन आमिल्कार," तो म्हणाला. "एकेक पान वाचता येतंय. टेबल आलंय, काचेतला रस्ता आलाय..."

"आणि सेल्वा?"

त्याने फोटो तिच्याकडे वळवला. "डोन्या सेल्वा..."

"मी बघितली," सेल्वा मधेच म्हणाली. "मोठा कर हा. चौकट कर."

"डोन्या सेल्वा, पण—"

"मोठा कर म्हटलं ना, पोरा."

मी फोटो हातात घेतला, मान वाकडी केली, कडेने बघितलं. कडेला कागद दिसतात. मधे धूर. म्हटलं, "सांग ना, कशी आलीयेस?"

सेल्वाने माझ्या हातातून फोटो घेतला.

"तुला दिसते तशी."

९ जानेवारी

चौकट भिंतीवर चढली. निकानोर बघायला आला होता, बेकार माणसाला वेळच वेळ. फोटोसमोर उभा राहिला आणि गहिवरून म्हणतो काय, "माझी खुर्ची! त्या कोपऱ्यातली खुर्ची! किती छान आलीय!"

मला राग आला. माणूस माझ्या बायकोच्या फोटोत खुर्ची बघतो! "आणि खुर्चीवर?" मी विचारलं. स्वयंपाकघरातून सेल्वाने त्याला हाक मारली, कॉफी घ्यायला ये म्हणून. तो गेला. दोघं आत हळू आवाजात बोलत होते. परत आला तेव्हा म्हणाला, "डोन्या सेल्वा फार सुंदर दिसताहेत." आवाज फाटलेला. कॅफे गेल्याचं दुःख अजून ओलं आहे त्याचं.

मी सेल्वाला म्हटलं, एकदा ती टोपी घाल की घरात. म्हणाली, ठेवलीय कुठेतरी.

११ जानेवारी

लिहिलेलं आता मला वाचता येत नाही. सेल्वाने पानावर दोरे चिकटवून दिलेत, दोऱ्यांच्या मधून लिहितो.

आज सकाळी ती एकटीच रविवारच्या बाजाराला गेली, त्रिस्तान नारवाखा रस्त्यावर. दुपार उलटून गेल्यावर आली. भाजी नाही, फळं नाही. दमून खुर्चीत बसली, पिशवीतला कागद वाजला.

"ही बघ, सापडली," ती म्हणाली. "कपाटाच्या मागे पडली होती."

टोपी माझ्या हातात दिली. मी चाचपली. कडा आहे, बरोबर. मान वाकडी करून खिडकीच्या उजेडात धरली. निळी. तितकीच निळी नाही, पण निळी.

"घाल," मी म्हटलं. तिने घातली आणि माझ्यासमोर बसली. हलली नाही.

"दिसते?" तिने विचारलं.

"दिसतेस," मी म्हटलं.

मग टोपी नीट करायला हात लावला तर कडेखाली दोरा लागला, आणि दोऱ्याला दुकानाची किमतीची चिठ्ठी. फोटोच्या दिवशी ही बाई चिठ्ठीसकट जगासमोर बसली होती! मी दोरा दातांनी तोडून दिला. वेंधळी आहे, पहिल्यापासून. नशीब, फोटोत ती चिठ्ठी आलेली नाही; निदान अजून कुणी तसं बोललेलं नाही.